हसू फक्त ओठांवर नसते

दिवाळीत घरोघर फोटो निघतात आणि फोटो काढणारा हमखास म्हणतो, "जरा हसा की!" हे साधे बोलणे ज्यांच्या जिव्हारी लागते, अशा माणसांविषयी आज चार शब्द लिहिते. त्यांतलीच मी एक.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळले. आरशात पाहते तो निम्मा चेहरा ओघळलेला, उजवा डोळा मिटेना. "तोंडावरून वारे गेले गं!" म्हणून सासूबाई घाबरल्या. डॉक्टरांनी भुवया उचलायला सांगितल्या. कपाळाच्या उजव्या बाजूस एकही आठी पडेना. मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा हलते. माझी चेहऱ्याची नसच सुजली होती. याला बेल्स पाल्सी म्हणतात. १८२१ साली या नसांवर निबंध वाचणारे स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांचे हे नाव.

वाचकहो, निदान मात्र घरी करू नका. तोंड वाकडे दिसताच तडक इस्पितळ गाठा. स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या, तर गुण येण्याची शक्यता वाढते. मिटत नसलेल्या डोळ्याला दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी हवी. फटाक्यांचा धूर तर मुळीच नको. बहुतेक रोगी काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात.

मी पुरती झाले नाही. नस पुन्हा वाढताना तिचे काही धागे भलतीकडे जोडले गेले, जशा टेलिफोनच्या तारा एकमेकींत गुंततात. आता चकली चावली की डोळा मिटतो!

त्याचे हसू येते. पण मनाचे दुखणे निराळे. आनंद झाला तरी लोक विचारीत, "रागावलात का?" मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू हल्ली हसतच नाहीस." त्या रात्री उशी भिजली. मी हळदीकुंकवाला जाणे सोडले.

मोठ्या जाऊबाईंनी मात्र "अजून किती वाकडे?" असे कधी विचारले नाही. दिवाळीत सोऱ्या हाती देऊन म्हणाल्या, "चकल्या हातांनी पाडायच्या आहेत, तोंडाने नाही!" मी खळखळून हसले. मुलगी स्वयंपाकघरात धावत आली. तिने ते हसू आवाजावरून ओळखले होते.

ललिता पवारांचेच पाहा. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. त्याच चेहऱ्याने त्यांनी खाष्ट सासवा रंगवल्या आणि 'अनाडी'तली (१९५९) मायाळू मिसेस डिसाही.

तेव्हा अशा कोणाला भेटाल, तर नजर चुकवू नका. तिच्याविषयी तिच्या यजमानांना विचारू नका, तिच्याशीच बोला. चेहऱ्यावर हसू दिसले नाही तर जरा कान देऊन ऐका; ते आवाजात असते.