रसद म्हणजे कारकुनी नव्हे

सातपाटीच्या बंदरात पापलेट उतरण्याआधीच आमचे कोळी बांधव बर्फाची तजवीज करून ठेवतात. माल नासल्यावर सबबी कामास येत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. लष्कराच्या पुरवठा अधिकाऱ्यांना मात्र ते शिकवावे लागेल, असे दिसते. मुदत उलटलेला शिधा जवानांच्या ताटात पडल्याचे महालेखापरीक्षकांनी २०१० च्या अहवालात नमूद केले. त्या मालावर सह्या कुणाच्या होत्या?

सातपाटीलगतचा शिरगावचा कोट आणि तारापूर चिमाजी अप्पांच्या फौजेने जानेवारी १७३९ मध्ये घेतले. मे महिन्यात वसई पडली. इतके महिने वेढ्यातील फौज उपाशीपोटी लढली नाही. पुढे अवघ्या बावीस वर्षांत पानिपत घडले. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेची आशा मावळली आणि १४ जानेवारीला उपाशी मराठे रणात उतरले. शौर्य तेच होते!

बेंगळुरूच्या सेना सेवा कोअर महाविद्यालयात या दोन्ही मोहिमा दाण्यागोट्याच्या हिशेबासह शिकवाव्यात. निविदांचे नियम काय, कारकूनही पाठ करतो. तरुण अधिकाऱ्याला सहीचा अधिकार देण्याआधी लडाखच्या एखाद्या आघाडीच्या कोठारात हिवाळाभर ठेवावे, पोती उघडायला लावावीत आणि तोच शिधा त्याच्याही ताटात वाढावा.