समुद्राला गाणं शिकवू नका

झादरच्या सागरी ऑर्गनचं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. क्रोएशियातल्या या शहरात 2005 साली निकोला बाशिच या वास्तुरचनाकारानं किनाऱ्यावर सत्तरेक मीटर लांब पायऱ्या बांधल्या आणि खाली 35 नळ्या टाकल्या. लाट आत शिरली की नळीतली हवा ढकलली जाते आणि वरच्या भोकांतून सूर निघतो. सुंदरच आहे ते. माझं भांडण आहे ‘कोकणातही असं बांधा, किनाऱ्याची धूप थांबेल’ म्हणणाऱ्यांशी.

मी अमरावतीचा. ‘तुमच्याकडे समुद्र कुठंय?’ असं ऑफिसात विचारतात. नाही बाप्पा. पण कोडिंग करणाऱ्याला अलर्ट आणि दुरुस्ती यांतला फरक कळतो.

झादरची भरती-ओहोटी नावापुरती. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. नळी खाली बसवली तर भरतीत बुडून मुकी होणार, वर बसवली तर ओहोटीत कोरडी. शिवाय नळी वाळूचा एक कणही धरून ठेवत नाही. उलट पक्क्या भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते. 1990 ते 2018 या काळाच्या सरकारी मोजणीत महाराष्ट्राचा सुमारे पाव किनारा खचताना दिसला. तिथं सूर कशाला लावायचा?

आवाजच ऐकायचा तर 2022 चा मरीन ड्राइव्ह आठवा. कोस्टल रोडच्या कामासाठी तिथले टेट्रापॉड हलवले, लाटा थेट भिंतीवर धडकू लागल्या आणि समोरच्या इमारतींना हादरे बसायला लागले. रहिवाशांनी तक्रार केली, टेट्रापॉड परत आले. तो आवाज नकोसा होता, म्हणूनच त्यावर काम झालं. गोड वाजणारा अलर्ट आम्ही दुसऱ्या दिवशी म्यूट करतो. ऑर्गन तर किनारा शाबूत असो की अर्धा गेलेला असो, तितकाच गोड वाजेल.

आणि हादरा ऐकला गेला, कारण तो मरीन ड्राइव्हवर बसला. आमच्या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे, सोडियमनं भरलेली काळी माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. काठ आतून पोखरतो आणि एखाद्या पावसात शेताचा धुरा धप्पकन नदीत जातो. तो आवाज शेतकऱ्याशिवाय कुणी ऐकत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं.