पोळ्याला ढोंग म्हणण्याआधी

श्रावण अमावास्या जवळ आली की दोन प्रकारचे लोक कामाला लागतात. एक, आठवडी बाजारात गोंडे, बेगड आणि हिंगूळ विकणारे. दुसरे, पोळा हे कसं ढोंग आहे ते आपल्याला समजावणारे. पहिल्यांचा मला काही त्रास नाही.

दुसऱ्यांचं म्हणणं मात्र नीट ऐकून घ्यायला हवं, कारण त्यात दम आहे. ते म्हणतात, वर्षभर ज्याला तुतारी टोचली त्याला एक दिवस पुरणपोळी चारायची, शिंगं रंगवायची, पायांवर पाणी घालायचं आणि परवा पुन्हा औताला जुंपायचं, यात कृतज्ञता कुठे आली? ही स्वतःच्या मनाची टोचणी घालवायची सोय झाली. ज्याला खरंच उपकाराची जाण आहे तो रोज जाण ठेवतो, त्याला पंचांग उघडावं लागत नाही.

ऐकताना मान डोलते. अडचण आहे ती ‘रोज’ या शब्दात.

मुक्या जनावराबद्दल रोज पाळायची जबाबदारी आपल्याकडे कागदावर आहेच. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 साली केंद्र सरकारने नियम केले. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जनावर बाहेर काढायचं नाही. चांगले नियम आहेत. उन्हाळी वखरणी करणाऱ्या कुणाच्या तोंडी ते मी आजवर ऐकले नाहीत. उलट पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळले नाहीत तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही, हे शाळेत न गेलेल्या गड्यालाही ठाऊक असतं. ज्या कामाला दिवस ठरलेला नाही ते उद्यावर जातं, हा अनुभव घरातल्या कुणालाही विचारा.

आता ती आदली संध्याकाळच जवळून बघू. विदर्भात आमच्याकडे तिला खांदेशेकणी म्हणतात, इतरत्र खांदेमळण. बैल धुऊन आणायचे, कढत पाण्यात हळद टाकायची, त्यात पळसाचं पान बुडवून मानेवर जिथे जू टेकतं ती जागा शेकायची, मग लोणी चोळायचं. शेवटी कानाशी लागून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. बाहेरच्याला हे आवतण फार गोड वाटतं, फोटोही त्याचेच निघतात. माझ्या मते खरं काम त्याआधी झालेलं असतं, लोण्याच्या बोटांनी.

एका वर्षी काकांची बोटं डाव्या बैलाच्या मानेवर थांबली. लव दबलेली होती आणि खाली सुपारीएवढी गाठ. बैल मान काढून घेत होता. डवरणीचे दीड-दोन महिने तो रोज जुंपला जात होता, रोज दिसत होता, पण हात लावून कुणी बघितलं नव्हतं. पेरणीपासून डवरणीपर्यंतचा हाच काळ खांद्यावर सगळ्यात वाईट जातो, आणि पोळा येतो तो नेमका त्याच्या शेवटी. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. काकांनी कंदील आणून जू पालथं केलं. आतल्या बाजूला लाकडाची एक गाठ वर आली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जू सुताराकडे गेलं, डॉक्टर येऊन खांदेसूज म्हणून औषध देऊन गेले, आणि तो बैल पंधरा दिवस गोठ्यात उभा राहिला. त्यानंतर औत सोडलं की काकांचा हात आधी बैलाच्या मानेवरून फिरायचा, मग तंबाखूच्या डबीकडे वळायचा. टीकाकारांना हवी असलेली ‘रोजची जाण’ ती हीच. ती आली मात्र पंचांगातल्या तिथीच्या वाटेने.

खुद्द पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे राहतात. झूल कितीही भरजरी असली तरी बरगड्या झाकत नाहीत. कुणाचा बैल कसा राखला आहे ते शे-दोनशे डोळे मोजतात, आणि ज्याला ते डोळे झेपत नाहीत तो आषाढापासूनच सरकीची पेंड चारू लागतो. लाजेने चारली म्हणून पेंड बैलाच्या अंगी लागत नाही असं थोडंच आहे?

आणखी एक आक्षेप असतो, जरा शहाण्यांचा. आभाराचे सण माणसाला मिंधा करतात, तक्रार करायची विसरायला लावतात. असं म्हणणाऱ्याने विदर्भातल्या पोळ्यातल्या झडत्या ऐकलेल्या नसतात. बैल तोरणाखाली उभे असतानाच सावकाराची, पुढाऱ्याची, कापसाच्या भावाची जाहीर हजेरी तिथे घेतली जाते, आणि प्रत्येक झडतीनंतर ‘हर हर महादेव’चा गजर होतो. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगचंही काहीसं असंच आहे. 1863 साली यादवी युद्ध चालू असताना लिंकनने तो देशभर पाळायला सांगितला, 1941 साली नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला. 1970 पासून त्याच गुरुवारी प्लिमथला तिथले मूळ रहिवासी शोकदिन पाळतात आणि विचारतात, आमच्या जमिनी घेऊन आभार कशाचे मानता? तो प्रश्न सगळ्या देशाच्या जेवणाच्या वेळीच टोचतो, इतर दिवशी विचारला असता तर कोण ऐकणार होतं?

बैलच उरले नाहीत तर पोळा कशाला, असंही विचारतात. खरं आहे. पशुगणनेप्रमाणे देशातली नर गोवंशाची संख्या 2012 साली 6 कोटी 79 लाख होती, 2019 साली ती 4 कोटी 74 लाखांवर आली. काकांच्या गोठ्यातही आता ट्रॅक्टर उभा असतो, आणि त्याला कुंकू लावताना काका स्वतःच ओशाळतात. ट्रॅक्टरला खांदा नाही. पण त्यावर बसणाऱ्याला आहे.

आणि इथे मला टीकाकारांपुढे हात टेकावे लागतात. बैलाचा खांदा वर्षातून एकदा तरी बघितला जातो. सालगड्याचा कुणी बघतो का? त्याला पोळ्याला नवे कपडे मिळतात, पंगतीत पुरणपोळी मिळते, गडी खूश आहे असं मालक सांगतो. निंदणीला येणाऱ्या बायांना तर तेवढंही नाही, त्यांच्या कमरेची आठवण ठेवणारी एकही अमावास्या आपल्या पंचांगात नाही. यावर पोळा बंद करा हा उपाय मला पटत नाही. जे बैलासाठी जमलं ते माणसासाठी का जमू नये?

ज्यांच्या घरी सालगडी आहे त्यांना म्हणून एवढंच सांगायचं आहे. यंदा खांदेशेकणीच्या संध्याकाळी बैल बांधून झाले, किंवा ट्रॅक्टर धुऊन झाला, की उचलीची वही ओसरीवर आणा. गड्याला समोर बसवा, किती फिटले आणि किती उरले ते त्याला मोठ्याने वाचून दाखवा, आणि तो चूक आहे म्हणाला तर तिथेच दुरुस्त करा. कपडे दुसऱ्या दिवशी द्या.