गनमेटलचं कौतुक पुरे!

मोटारसायकलच्या मागच्या चिमट्यातले नायलॉनचे बुश झिजले की आमच्या वसईत जो तो सांगतो, "सर, लेथवर गनमेटलचे करून घ्या, जन्माची काळजी मिटली." साफ चूक! नायलॉन कोरडं असलं तरी सरकतं आणि स्वतः झिजून आतली पिन वाचवतं. गनमेटलला ग्रीस हवंच. मी वालीवच्या एका गाळ्यातून बुश कातून आणले. ग्रीस भरायला निपल नाही, आत खाच नाही. दोन पावसाळ्यांत पिनच खाल्ली गेली. अर्नाळ्याच्या वाटेवर मागे सौ. आणि चाक डुलतंय! (पंच्याहत्तरीत ही हौस.) ग्रीसची सोय न करता धातू बसवणं हा मजबुतीचा निव्वळ भ्रम. परवा मी नायलॉनचेच नवे बसवले. मेकॅनिक हसला. हसू दे.