संयम कोणाचा?

काशी हे विद्येचे प्राचीन पीठ. विद्यार्थिदशा म्हणजे ब्रह्मचर्याश्रम; आधी विद्या आणि मग गृहस्थाश्रम, असा परंपरेचा क्रम होता. बालविवाहाच्या रूढीने हा क्रम मोडला. 1898 साली अ‍ॅनी बेझंट यांनी वाराणसीत सेंट्रल हिंदू कॉलेज स्थापन केले. त्याच्या शाळेतील खालच्या वर्गांत विवाहित मुलांना प्रवेश द्यायचा नाही, असा नियम तेथे करण्यात आला. नियम मुलांसाठी असला, तरी त्याचा रोख पालकांवर होता. कारण लग्न मुलगा ठरवत नव्हता. ते वडीलधारी मंडळी ठरवीत होती. 1904 साली तेथे मुलींची शाळाही सुरू झाली. पुढे 1916 मध्ये स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठाचा पाया या कॉलेजनेच घातला.

किशोरवयीन मातृत्व टाळण्यासाठी मुलामुलींना संयम शिकवावा, असे आज अनेकांना वाटते. संयमाचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु केवळ उपदेशाने हेतू साधतो का? अमेरिकेत 1996 च्या कायद्यानंतर केवळ संयम शिकवणाऱ्या वर्गांवर मोठा सरकारी खर्च झाला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील सरकारी मूल्यमापनात, हे वर्ग केलेल्या आणि न केलेल्या मुलांच्या वर्तनात फरक आढळला नाही.

भारतात तर प्रश्नाचे स्वरूपच वेगळे आहे. येथे किशोरवयीन मातृत्व बहुतांशी विवाहानंतर येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, 20 ते 24 वयोगटातील शंभरांपैकी सुमारे 23 स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाले होते. उत्तर प्रदेशात हे प्रमाण सुमारे 16, तर पुढारलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या महाराष्ट्रात सुमारे 22 होते. ज्या मुलीचे लग्न सोळाव्या वर्षी लावून दिले जाते, तिला संयमाचा धडा देऊन काय उपयोग? तेथे संयम हवा तो लग्नाची घाई करणाऱ्या मोठ्यांना.

शरीराची माहिती दिल्याने मुले बिघडतात, हा आक्षेपही जुनाच आहे. 2007 साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील किशोरावस्था शिक्षणाला याच भीतीपोटी विरोध केला. वास्तविक ज्ञान आणि संयम यांत वैर नाही. शरीरात होणारे बदल, गर्भधारणा कशी होते, ती कशी टाळता येते, कमी वयातील बाळंतपणात माता व बालक या दोघांच्याही जिवाला अधिक धोका का असतो, हे ज्या मुलीला ठाऊक आहे, तीच विचारपूर्वक नकार देऊ शकते. मुलालाही त्या नकाराचा मान राखणे शिकवावे लागते. अज्ञान म्हणजे संयम नव्हे.

मुलगी जितकी वर्षे शिकते, तितके तिचे लग्न आणि मातृत्व पुढे जाते, हे पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. म्हणून घराजवळची शाळा, सुरक्षित वाट आणि अर्ध्यावर सुटलेले शिक्षण पुन्हा सुरू करण्याची सोय, हेच या प्रश्नावरील खरे उपाय होत. लवकर संसारात पडलेल्या स्त्रीलाही शाळेचे दार उघडे असले पाहिजे. तिची चूक नसताना तिला शिक्षा का? तिने पुन्हा हाती घेतलेले पुस्तक तिच्या मुलीचे लग्न चार वर्षे पुढे ढकलू शकते.