वर्गाबाहेर काढलेले मूल

घाटकोपर असो, मुलुंड, अंधेरी वा बोरिवली. उपनगरांत टॉवर आणि वस्ती यांच्यामध्ये अनेकदा एकच भिंत असते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखेच मूल आढळते. प्रश्न संपण्याआधी उत्तर देणारे, रांगेत न थांबणारे, विचार करण्याआधी हात उगारणारे. टॉवरमधल्या मुलाला डॉक्टरांकडे नेले जाते आणि त्याच्या वागण्याला ‘एडीएचडी’, म्हणजे अवधानन्यूनता व अतिचंचलता, असे नाव मिळते. वस्तीतल्या मुलालाही नाव मिळते. मवाली!

हा उतावळेपणा संस्काराच्या अभावातून येत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग आवेगाला लगाम घालतो. या मुलांत तो लगाम उशिरा आणि कमी लागतो. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मात्र प्रत्येक हूड मूल रुग्ण नव्हे. लक्षणे 12 वर्षांच्या आत सुरू झालेली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसणारी, किमान 6 महिने टिकलेली असावी लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत झोप न झालेले, उपाशीपोटी शाळेत आलेले किंवा कमी ऐकू येणारे मूलही वर्गात चुळबुळ करते. म्हणून आधी तपासणी, मग शिक्का. निदान झाल्यावर पालक-शिक्षकांना मार्गदर्शन, वर्तनोपचार आणि गरज असल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध, असा उपचाराचा मार्ग आहे. छडी हा उपचार नाही.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 17 मारहाण आणि मानसिक छळाला मनाई करते. कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ‘दाखला घेऊन जा’ हे तोंडी फर्मान म्हणजे पळवाट आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या यादीत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचे नाव नाही. ही उणीव दूर झालीच पाहिजे.

शाळा सुटलेल्या अशा मुलाचा हात पुढे एखाद्या मारामारीत उठला, तर गाठ पोलीस ठाण्याशी पडते. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 15 नुसार 16 वर्षांवरील मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर परिणाम समजण्याची त्याची क्षमता तपासली जाते. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले. पण वकील लावण्याची ऐपत नसलेल्या आईला हे कोण सांगणार? आणि जी तपासणी सातव्या वर्षी शाळेत व्हायला हवी होती, ती सोळाव्या वर्षी आरोपी झाल्यावर का?

वर्गाबाहेर बसवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच पालिकेच्या प्रत्येक शाळेपर्यंत समुपदेशक पोहोचला पाहिजे आणि उपनगरी रुग्णालयांत बालमानसोपचाराची सोय झाली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. पालकांनी शाळेकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, तोंडी उत्तरावर परतू नये. विहारांतील कार्यकर्त्यांनी तो अर्ज लिहून द्यावा आणि सोबत जावे. ज्या मुलाला स्वतःला आवरता येत नाही, त्याचा हात धरावा लागतो, कान नव्हे!