राजधानी सुधारणार, पण कोणत्या तारखेपर्यंतच्या माणसांसाठी?

मुंबई महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या ताब्यात असलेल्या या महापालिकेत जवळपास चार वर्षांनी लोकप्रतिनिधी आले. निवडणूक म्हटली की जाहीरनामे आले आणि मुंबईचा जाहीरनामा म्हटला की घरे आली. यावेळीही घरांच्या आश्वासनात पक्षांनी कंजुषी केली नाही. मुंबईच्या घरांशी बुलडाणा जिल्ह्याचा काय संबंध, असे आमचे काही कार्यकर्ते विचारतात. संबंध आहे आणि तो रक्ताचा आहे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा-वऱ्हाडातील भूमिहीनांच्या हातचे काम गेले, तेव्हा कित्येक कुटुंबांनी मलकापूर, नांदुरा, शेगावच्या स्टेशनवर मुंबईची गाडी धरली. घाटकोपर, चेंबूर, गोवंडी, विक्रोळीच्या वस्त्यांत आज त्यांची तिसरी पिढी राहते. गावच्या बुद्धविहाराच्या वर्गणीत मुंबईकरांची पावती असते, आणि मुंबईत झोपडी तुटली की मेहकर-लोणारच्या वस्तीत त्याच रात्री चूल पेटत नाही.

म्हणूनच पक्षांच्या मुंबई सुधारण्याच्या योजना वाचताना उड्डाणपूल किती आणि मेट्रोचे मार्ग किती, हे आम्ही नंतर मोजतो. आमचा पहिला प्रश्न असा आहे की, या योजनेत माणूस कोणत्या तारखेपासून माणूस धरला आहे?

चाळीस लाखांचे आश्वासन

राजधानीविषयीचे सर्वात गाजलेले पक्षीय आश्वासन १९९५ च्या विधानसभा निवडणुकीतले. शिवसेना-भाजप युतीने मुंबईतील ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत पक्की घरे देण्याचे वचन दिले. कुटुंबांच्या हिशेबाने ही आठ लाख घरे होतात, आणि मुदत होती पाच वर्षांची. मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशी यांचे सरकार आले. दिनेश अफझलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण सुरू झाले.

या योजनेचे यंत्र समजून घेतले पाहिजे. सरकारने तिजोरीतून पैसा घालायचा नाही. बिल्डरने झोपड्यांच्या जागेवर रहिवाशांना २२५ चौरस फुटांचे घर फुकट बांधून द्यायचे आणि मोबदल्यात जादा चटई क्षेत्र घेऊन वरची घरे खुल्या बाजारात विकायची. याचा सरळ अर्थ असा की गरिबाचे घर जमिनीच्या भावावर टांगले गेले. जिथे भाव चढा, तिथे बिल्डर धावला. जिथे भाव नाही, तिथे इमारतींचे अर्धवट सांगाडे आणि संक्रमण शिबिरात कुजणारी कुटुंबे उरली. पाच वर्षांची मुदत संपून पाव शतक उलटले, तरी आठ लाखांच्या निम्मीही घरे झालेली नाहीत.

ज्यांना घर मिळाले त्यांच्या घरातील बाईची सार्वजनिक संडासाच्या रांगेतून सुटका झाली, मुलांना अभ्यासाला दार लावता येणारी खोली मिळाली. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण हेही खरे की गोवंडीतील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, वारा खेळत नाही. अशा खोल्यांत क्षयरोगाचे प्रमाण जास्त असल्याचे २०१८ च्या अभ्यासातून पुढे आले. झोपडी पाडून छातीचा आजार देणे याला सुधारणा म्हणायचे काय?

आणि एक आठवण करून देणे आमचे कर्तव्य आहे. ज्या युतीने घरे देण्याचे वचन दिले, तिच्याच राज्यात ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा भीमसैनिक शहीद झाले. वस्तीला घर देणे आणि वस्तीला नागरिक मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

तारखेची चाळणी

मोफत घर सर्वांना नव्हतेच. १ जानेवारी १९९५ किंवा त्याआधीच्या मतदार यादीत ज्याचे नाव आणि त्या झोपडीत ज्याचे प्रत्यक्ष वास्तव्य, तोच पात्र. परिशिष्ट-२ नावाच्या यादीत नाव आले तर तुम्ही माणूस, नाही आले तर अतिक्रमण. एकाच झोपडीत खाली राहणारा पात्र आणि पोटमाळ्यावर राहणारा अपात्र. बाबासाहेबांनी प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मूल्य मिळवून दिले. येथे मात्र कोणत्या साली मत नोंदवले यावर मताचे मूल्य ठरू लागले.

काँग्रेसने काही वेगळे केले नाही. २००४ च्या निवडणुकीत २००० सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे आश्वासन देऊन काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी निवडून आली. विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबर २००४ पासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात झोपड्या जमीनदोस्त झाल्या. मते २००० च्या तारखेने घेतली आणि बुलडोझर १९९५ च्या तारखेने फिरवला. त्या काळात मुंबईचे शांघाय करण्याची भाषा जोरात होती. २००३ साली बॉम्बे फर्स्ट या उद्योगपतींच्या संस्थेने मॅकिन्से कंपनीकडून मुंबईचा आराखडा करून घेतला होता. २०१३ पर्यंत झोपड्यांतील लोकसंख्येचे प्रमाण १० ते २० टक्क्यांवर आणावे, असे त्यात म्हटले होते. २००१ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक मुंबई झोपडपट्टीत राहत होती. एवढी माणसे दहा वर्षांत जाणार कुठे, याचा विचार ना कंपनीने केला ना सरकारने.

पुढे २०१४ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, कायद्यात १ जानेवारी २००० ही तारीख आली. नंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना सशुल्क घराची तरतूद झाली आणि २०२३ साली त्याची किंमत अडीच लाख रुपये ठरली. १९७६, १९८५, १९९५, २०००, २०११ अशा या तारखा आहेत. प्रस्थापित पक्षांसाठी तारीख म्हणजे मतांची किल्ली. हवी तेव्हा कुलूप उघडायचे, हवे तेव्हा लावायचे.

गावातही तीच चाळणी

मुंबईला जाता कशाला, गावातच राहा, असा शहाणपणाचा सल्ला आम्हाला मिळतो. गावात आमच्यासाठी काय ठेवले आहे? १९५९ आणि १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. त्या लढ्याच्या रेट्याने पुढे गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे शासन निर्णय निघाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयातील तारीख काय? १४ एप्रिल १९९०. जयंतीचा दिवस निवडला, पण त्यानंतर नांगर धरलेला भूमिहीन बाहेर ठेवला. आणि ज्याने आधी धरला त्याच्याकडेही पुरावा मागितला गेला. गाव नमुना १-ई मध्ये नोंद आहे काय? नोंद करणारा तलाठी कुणाच्या ओसरीवर बसून दप्तर लिहीत होता, हे ग्रामीण भागातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तीस-तीस वर्षे जमीन कसलेले पक्षकार आमच्याकडे येतात. त्यांच्या हाताला घट्टे असतात, पण हातात कागद नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपालसिंग प्रकरणात गावच्या सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले, पण भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवादही मान्य केले. आदेश राबवताना अपवादाचा विसर पडतो. २०२२ च्या अखेरीस गायरानधारकांना राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा गावोगावच्या वस्त्यांत धडकी भरली. म्हणजे गावात १९९० ची तारीख चुकली म्हणून जमीन नाही. जमीन नाही म्हणून मुंबईला जावे, तर तेथे १९९५ ची, २००० ची तारीख चुकली म्हणून छप्पर नाही. एकाच कुटुंबाला दोन ठिकाणी दोन तारखांनी बाद केले जाते.

कापसाला मात्र कधी तारीख विचारली नाही. इंग्रजांनी १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे टाकली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी. आमच्या मातीतल्या कापसासाठी राजधानीचे दार सदैव उघडे होते. त्याच मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओलावा लागे आणि त्याच्या थुंकीचा विटाळ होई. बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी संपाच्या काळात कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. आज समृद्धी महामार्ग आमच्या मेहकर, सिंदखेड राजा तालुक्यांतून थेट मुंबईच्या दिशेने जातो. पोहोचण्याची सोय झाली, पण राहण्याची कुठे आहे?

संविधान काय सांगते?

संविधानाच्या कलम १९ ने भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला दिला आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात हे खरे, पण अधिकार आधी आहे आणि निर्बंध नंतर. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला. त्याच निकालाने योग्य नोटीस देऊन झोपड्या हटवण्याची मुभाही दिली आणि पर्यायी जागा १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांपुरती ठेवली. तत्त्व आपल्या बाजूने गेले आणि दिलासा पुन्हा तारखेत अडकला.

तारीख नसेल तर अतिक्रमण थांबणार कसे, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारे लोक आहेत. त्यांना आमचे उत्तर असे की, तारखेने आजवर एकही झोपडी थांबवलेली नाही. पाच तारखा झाल्या आणि प्रत्येक तारखेनंतर नव्या झोपड्या उभ्या राहिल्याच, कारण मुंबईला भांडी घासणारी, नाले उपसणारी, इमारती बांधणारी माणसे रोज लागतात आणि त्यांना परवडेल अशी भाड्याची खोली कुणीच बांधत नाही. तारखेने फक्त एवढेच केले की, अपात्र माणूस झोपडीदादा, पोलीस आणि दलाल यांच्या मुठीत गेला.

आजचे आराखडे

धारावीचा पुनर्विकास २०२२ साली अदानी समूहाकडे गेला. तेथेही वर्गवारी तीच. १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फूट, २००० ते २०११ मधल्यांना धारावीबाहेर अडीच लाखांत ३०० चौरस फूट, आणि त्यानंतरचे व वरच्या मजल्यावरचे बाहेर भाड्याच्या घरात. बाहेर म्हणजे कुठे? तर मिठागरांच्या जमिनीवर आणि देवनारच्या कचराभूमीवर. ज्या धारावीत माटुंगा लेबर कॅम्प आहे, जेथे राहून बाबूराव बागुलांनी लिहिले, तेथील माणसाला त्याच्या तारखेनुसार कचऱ्याच्या डोंगराकडे पाठवण्याचा हा विकास आहे. जातीची उतरंड आम्ही पाहिली होती, आता तारखेची उतरंड पाहतो आहोत.

उलट उदाहरणही आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. हे रहिवासी सरकारदरबारी भाडेकरू म्हणून नोंदलेले होते, त्यांच्याकडे पावती होती आणि ते संघटित होते. रमाबाई आंबेडकर नगर व कामराज नगरातील अंदाजे सतरा हजार झोपड्यांचे पुनर्वसन आता सरकारी यंत्रणांमार्फत हाती घेतले आहे. १९९७ च्या शहिदांच्या या वस्तीत किती जण पात्र ठरतात आणि किती जण वगळले जातात, यावर समाजाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.

आमची मागणी काय?

रिपब्लिकन गट या तीस वर्षांत दोन्ही बाजूंच्या सत्तेत बसले. महामंडळे मागितली, विधान परिषद मागितली, पण परिशिष्ट-२ ची तारीख कुणी अट म्हणून घातली नाही. यापुढे कोणत्याही पक्षाचा राजधानी-आराखडा आपल्या वस्तीत आला तर चार गोष्टी लेखी मागा. पहिली, पर्यायी निवारा दिल्याशिवाय कुणालाही हटवणार नाही, त्याची तारीख कोणतीही असो. दुसरी, पोटमाळ्यावरच्या कुटुंबाची स्वतंत्र नोंद. तिसरी, सरकारी जमिनीवर सरकारने बांधलेली स्वस्त भाड्याची घरे. चौथी, गायरान कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावे पट्टे, म्हणजे मुंबई गाठणे ही सक्ती राहणार नाही.

आणि आपले कामही आहे. मुंबईतील प्रत्येक वस्तीत आणि आपल्या गावातील प्रत्येक बुद्धविहारात कागदांची एक पेटी असली पाहिजे. जुन्या मतदार यादीचा उतारा, रेशनकार्ड, वीजबिल, शाळेचा दाखला, दंडाची पावती, १-ई ची नक्कल, सारे त्यात जमा करा. विहारात वंदनेनंतर अर्धा तास कागद वाचायला बसा. शिकलेल्या पोरांनी अर्ज लिहावेत, वकिलांनी फी न घेता तपासावेत. तारीख सरकारने ठरवली आहे, ती बदलायला लढा लागेल. तोवर तिच्या चाळणीतून आपला एकही माणूस केवळ कागद नाही म्हणून गळता कामा नये.

जय भीम!